हळदकुंकू लागलेला तोफगोळा

मी एक जुना तोफगोळा आहे, आणि मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत फिरा. जुनी छत्री, पडका किल्ला, थकलेला बैल, सगळे आपापली कर्मकहाणी सांगतात, शेवटी डोळ्यांत पाणी आणतात आणि म्हणतात, आम्हाला जपा. मी तसलं काही म्हणणार नाही. मला जपलं म्हणूनच केवढा अनर्थ होणार होता, ते ऐकाल तर अंगावर काटा येईल.

आत्ता मी खालापूर तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत आहे. चहूबाजूंनी वाळूची पोती रचली आहेत. वर काठावर बॉम्बशोधक पथकाची माणसं आहेत आणि त्यांच्या बऱ्याच मागे आमच्या वाडीच्या बायका उभ्या आहेत. तयारी झाली की मला फोडणार. तोवर माझी गोष्ट सांगून घेतो. ती अर्धवट टाकून मी फुटणार नाही, हे साहेबांना कुणीतरी कळवा.

माझा जन्म जर्मनीतला. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि जर्मनी हरत होती, पण तसं मोठ्यानं म्हणायची कुणाची छाती नव्हती. डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यात आमचा कारखाना होता. तिथं राबायला दुसऱ्या देशांतून धरून आणलेल्या बायका होत्या. कुणी माझं पोलादी अंग घडवलं, कुणी पोटात स्फोटक भरलं, कुणी टोकाला ठिणगी पाडणारं नाक बसवलं आणि सगळ्यांत शेवटी मी रंगाच्या टेबलावर आलो. तिथली बाई कुठल्या गावची, मला कधी कळलं नाही. पहारेकरी तिला रंग जपून वापरायला सांगायचा. ती मान डोलवायची, आणि त्याची पाठ वळली की ब्रश पुन्हा डब्यात बुडवून दुसरा जाड हात मारायची. तो तिचा हट्ट होता. तिच्याजवळचं बाकी सगळं काढून घेतलं होतं, हट्ट तेवढा राहिला होता. मी इतकी वर्षं जमिनीखाली काढली तरी माझा रंग टिकला, तो तिच्यामुळे.

आणि रंग म्हणजे नट्टापट्टा नव्हे बरं का. रंग ही आमची जीभ. विमानतळावर अंधुक उजेडात, गारठलेल्या बोटांनी विमानाची तोफ भरणाऱ्या माणसाला अक्षरं वाचत बसायला सवड नसते. म्हणून ज्याच्या पोटात स्फोटक, त्याचं अंग पिवळं. पोलाद भेदून आत शिरणारा तो काळा. आग लावणाऱ्याच्या अंगावर निळं. उडताना जो मागे उजेडाची रेघ सोडतो त्याच्या कमरेला पट्टा, आणि रेघ ज्या रंगाची, पट्टाही त्याच रंगाचा. मी वीतभर लांब, मुठीत मावेल एवढा, अंगानं पिवळा आणि कमरेला तांबडा पट्टा. म्हणजे जन्मापासून मी एकच गोष्ट सांगत आलो आहे, की मी फुटतो आणि माझ्यामागे तांबडी रेघ दिसते. ह्यात लपवाछपवी कुठे आहे? मी मारायला जन्मलो, कबूल. पण मी कुणाला फसवायला जन्मलो नव्हतो, आणि ह्या बाबतीत मी भल्याभल्या माणसांपेक्षा सरळ आहे.

माझी उडायची पाळी काही आली नाही. विमान होतं, वैमानिक होता, पण पेट्रोल नव्हतं. शत्रूचे रणगाडे जवळ आले तेव्हा लोकांनी आम्हाला घाईघाईनं एका खड्ड्यात लोटलं, वर माती ओढली आणि पळ काढला. चिकणमातीत मी पडून राहिलो. वर गहू पिकला, मग शेजारून रस्ता गेला. लोखंड गंजतं, माणसं मरतात, देशांच्या सीमा बदलतात, पण पोटातलं स्फोटक काही निवत नाही. उलट म्हातारपणी ते चिडखोर होतं. माझं नाक तोफेच्या नळीतून गरगर फिरत बाहेर पडल्याशिवाय जागं होत नाही असं म्हणतात. म्हणून पुढे मी इतका आपटलो तरी गप्प राहिलो असेन. पण तो गप्पपणा कधी संपेल, हे माझं मलाही ठाऊक नव्हतं. आणि विस्तवाशी गाठ पडली असती तर मी गप्प राहिलोच नसतो.

पुढे तिथं कुणाचं तरी गोदाम बांधायचं निघालं. जमीन उकरताना मी आणि माझे भाऊबंद वर आलो आणि गंजक्या सळया, पत्रे, पाइप यांच्यात मिसळून गेलो. इतके रंगवलेले आम्ही, पण चिखलानं माखलेलो, कुणी ढुंकून पाहिलं नाही. भंगार म्हणून कंटेनरात पडलो, बोटीत चढलो, बंदरात उतरलो आणि एका ट्रेलरमधून चौकला येऊन पोचलो.

चौक हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव. ढाबे, गॅरेज, टायरवाले, आणि त्यांच्या पलीकडे नवनाथशेठचं भंगाराचं यार्ड. तिथं माल निवडायला डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतल्या ठाकर बायका येत. त्यांतलीच एक मंगळी. ढिगाशी उकिडवी बसून ती एकेक तुकडा उचलायची, माती झटकायची आणि लोखंड एकीकडे, पितळ दुसरीकडे असं टाकत जायची. पितळ गिऱ्हाइकाला जायचं आणि लोखंड घाटाखालच्या भट्टीत. मी पोलादी. माझी वाट ठरलेलीच होती.

मंगळीनं मला उचललं. माझ्यावरचा चिखल जाड होता म्हणून तिनं मला पाण्याच्या पिंपात बुचकळलं आणि पदरानं पुसलं. मग ती माझ्याकडे बघतच राहिली.

"कोंडे, ह्ये बघ गं," ती शेजारी बसलेल्या बाईला म्हणाली. "ह्याला हळदकुंकू लागलंय."

कोंडीनं नाक मुरडलं. "परदेसातल्या लोखंडाला कोन लावतंय गं हळदकुंकू?"

"तिकडं बी मानसंच ऱ्हातात ना? कुनाच्या तरी पूजेतलं हत्यार असंल. अंगभर हळद हाय, मधी कुंकवाचा पट्टा हाय. ह्ये भट्टीत नाय टाकायचं. पाप लागंल."

"तुज्या लग्नातलंच असंल मग! ठेव जपून," कोंडी म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या.

मित्रांनो, मलाही हसू आलं असतं. ज्या पिवळ्याला विमानतळावरची माणसं दबकून असायची, त्याला ही बाई हळद म्हणत होती! ती चुकली, साफ चुकली. पण तिच्या त्या चुकीमुळे मी भट्टीत गेलो नाही. गेलो असतो तर भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसांपैकी किती जण घरी परतले असते, देव जाणे. चुकूनही कधी कधी जीव वाचतात. त्यावर कुणी विसंबून मात्र राहू नये.

मंगळीनं मला आपली ठोकणी केलं. पत्र्यावरचा गंज झाडायला मी, अडकलेला नट सैल करायला मी. घरी जाताना ती मला टोपलीत टाकून नेई, कारण यार्डात ठेवलेली वस्तू सकाळी जागेवर मिळेल याची खात्री नव्हती. घरी मी मिरची-मीठ कुटलं, हिरडे फोडले, शेळीचा खुंटा ठोकला. वाडीत माझी कीर्ती झाली. "मंगळीचा ठोकन्या दे गं जरा," म्हणत शेजारणी यायच्या. मला तिचा हात आवडू लागला होता, हे सांगायला मी लाजत नाही. मारण्यासाठी घडवलेल्या मला कुणीतरी मिरची कुटायला लावत होतं, आणि मी ती चांगली कुटत होतो. जर्मनीच्या मोठमोठ्या साहेबांना हे कळलं असतं तर ते जागच्या जागी करपले असते. पण प्रत्येक ठोक्याला माझा जीव खालीवर व्हायचा. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

मग दसरा आला. खंडेनवमीला यार्डातली सगळी हत्यारं धुऊन, रंगवून पूजेला मांडायची पद्धत होती. रंग हिरवा, तोही ठरलेला. भंगाराच्या यार्डात घण काय, पहार काय, आकडा काय, ढिगात पडला की भंगारच होतो आणि गाडीत भरला जातो. म्हणून यार्डाचं हत्यार हिरवं, बाकी सगळं भंगार, असा नवनाथशेठचा नियम होता. साईनाथ नावाचा कामगार डबा आणि ब्रश घेऊन एकेक हत्यार रंगवत चालला होता. तो माझ्यापाशी आला.

"ह्याला नको रं," मंगळी म्हणाली. "ह्याला त्याचा रंग हाय की."

नवनाथशेठ तिथंच उभे होते. ते म्हणाले, "मंगळे, यार्डाचं हत्यार हिरवंच पाहिजे. नाय रंगवलं तर उद्या ढिगात जाईल, मग बसशील बोंबलत."

साईनाथनं मला नाकापासून बुडापर्यंत हिरवं केलं. वाळल्यावर मंगळीनं माझ्यावर खरं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. माणसं किती भावानं पूजा करतात! आणि मी रागानं नुसता धुमसत होतो. त्या बोगद्यातल्या बाईनं दोन हात देऊन जो रंग टिकवला, ज्याच्या जोरावर मी एवढी वर्षं खरं बोलत आलो, त्याच्यावर ह्यांनी एका सकाळी ब्रश फिरवला होता. माझ्या तोंडात बोळा कोंबला होता आणि वर फूल वाहिलं होतं. आता मला ओळखणारा माणूस समोर आला असता तरी त्याला मी दिसलो नसतो.

दिवाळी गेली, वालाची पेरणी झाली. मंगळीच्या हाताला घाम आला की मी निसटायचो. एकदा तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडलो. तिचा नवरा बुधाजी कारवीच्या काठ्यांचे कूड, म्हणजे झोपडीच्या भिंती, विणण्यात हुशार. तो मला हातात घेऊन उलटसुलट करत म्हणाला, "ह्याला दांडा पायजे. चांगो लोहाराकडं नेतो उद्या. लाल करून आरपार भोक पाडून दील."

लाल करून! मित्रांनो, हीच ती विस्तवाशी गाठ. लोहाराचा भाता, पेटलेले कोळसे, समोर चांगो, शेजारी वाकून बघणारा बुधाजी, आणि रस्त्यावर वडापावच्या गाडीपाशी उभी माणसं. मी ओरडत होतो. पिवळा पिवळा म्हणून ओरडत होतो, पण हिरव्याखालून ते कुणाला ऐकू जाणार?

त्याच दिवशी दुपारी वाडीत भाग्यश्री आली. ती खालापूरकडच्या एका बौद्ध कुटुंबातली मुलगी. चित्रकला शिकली होती आणि कर्जतजवळ एका सिनेमाचा सेट उभा राहत होता, तिथं रंगकाम करत होती. सेटवर खेडं दाखवायचं होतं, म्हणून तिला बुधाजीकडून कूड विणून हवे होते. सिनेमा महायुद्धात परदेशी लढायला गेलेल्या, खेड्यातल्या शिपायाचा. तिकडे एक जर्मन विमान पडतं, आणि त्याच्या तोफेचे गोळे रंगवायचं काम तिच्याकडेच होतं. लाकडाचे गोळे, पण रंग जुन्या तक्त्याबरहुकूम. तो जुना पिवळा साधेना म्हणून तिनं किती डबे वाया घालवले होते. तिच्या नखांत अजून तो रंग होता.

बुधाजी कुडाची लांबीरुंदी सांगत होता आणि मंगळी ओसरीवर मिरची कुटत होती. कुटून कुटून माझ्या नाकापाशी हिरव्याचे टवके उडाले होते. भाग्यश्री बोलता बोलता थांबली.

"मंगळीताई," ती म्हणाली, "हे हातातलं काय आहे?"

"ठोकन्या हाय. यार्डातला."

"तो खाली ठेव. आपटू नको. सावकाश ठेव."

मंगळी हसली. "काय झालं गं बाय? साप बघितल्यासारखं करते."

"साप असता तर बरं झालं असतं. त्याच्या नाकाखाली पिवळं दिसतंय ना, ते मी महिनाभर डब्यात कालवतेय. हिरव्याखाली तांबडा पट्टा आहे का त्याला? कमरेला?"

मंगळीचा हात थांबला. "हाय की. कुंकवाचा."

"कुंकवाचा नाही गं ताई. तो विमानाच्या तोफेचा गोळा आहे. पिवळा म्हणजे आत दारू आहे, फुटणारा आहे. माझ्या टेबलावर रंगांचा तक्ता लावलाय, रोज बघते मी. चुकत असले तर सुटलो म्हणेन, पण तू खाली ठेव."

मंगळीनं मला मिरचीच्या पाटीशेजारी इतकं हळू ठेवलं, की कुणी झोपलेलं पोरही तसं ठेवणार नाही. मग ती मागे मागे सरत अंगणापर्यंत गेली. तिथं पोचल्यावर ती मटकन खाली बसली. कुणीतरी मला ओळखलं होतं, मित्रांनो! मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला आनंद झाला. माझं नाव बरोबर घेणारं माणूस एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भेटलं होतं.

भाग्यश्रीनं पोलिसांना फोन केला. वाडी रिकामी झाली, पोरं, शेळ्या, म्हातारी माणसं सगळी शाळेकडे गेली; मंगळी तेवढी, कुणी माझ्याजवळ फिरकू नये म्हणून, अंगणाबाहेर थांबली. पण पोलिसांच्या आधी नवनाथशेठ मोटारसायकलवरून आले. बातमी चौकात पोचायला वेळ लागत नाही. अंगणाच्या कडेला उभं राहून त्यांनी मंगळीला हाक मारली.

"मंगळे, पोलिसांना सांग जंगलात सापडला. कंद खणताना."

"जंगलात कुठं सापडला, शेठ? तुमच्या ढिगात सापडला."

"ते मला माहिती हाय, तुला माहिती हाय. पोलिसांना कळलं तर यार्डाला टाळं लागंल. तुज्या वाडीतल्या सगळ्या बायकांचं काम जाईल. कुनामुळं? तुज्यामुळं! जंगल काय कुनाच्या बापाचं हाय? त्याला कोन शिक्षा करनार?"

मंगळीनं डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, "जंगलानं आमाला कंद दिलं, करवंदं दिली, लाकूड दिलं. गोळं नाय दिलं. त्याच्यावर आळ मी नाय घेनार. आनि शेठ, एक आला तर आनखी बी आलं असतील त्या ढिगात. ते तुमी भट्टीत घालनार?"

"काय नाय दुसरं त्यात," नवनाथशेठ म्हणाले आणि निघून गेले. ते दुष्ट नव्हते, भित्रे होते. पण भित्र्या माणसाच्या हातात भट्टीला जाणारा ट्रक असला की त्याच्या भिण्याची किंमत दुसरे मोजतात.

पोलिसांना मंगळीनं खरं ते सांगितलं. नवनाथशेठनी जंगल सांगितलं. यार्डातल्या बायकांना विचारलं तेव्हा त्या जमिनीकडे बघत राहिल्या. कुणाच्या घरी दुसरी कमाई नव्हती, मी त्यांना दोष देत नाही. पथकानं मला वाळूच्या पेटीत ठेवून नेलं आणि इकडे जंगलात शोध सुरू झाला. शोध संपेपर्यंत कुणी डोंगरावर जायचं नाही, असा हुकूम निघाला. लाकूडफाटा बंद, गुरं बंद. वाडीतली माणसं मंगळीवरच चिडली. शेठच्या मनासारखं बोलली असती तर काम तरी टिकलं असतं, खरं बोलून हिनं जंगलही घालवलं आणि यार्डही घालवणार, असं पाणवठ्यावर तिला ऐकवलं गेलं. सगळ्यांत जास्त ऐकवलं ते कोंडीनं. मंगळी हंडा उचलायची आणि घरी यायची. पण ती आपल्या शब्दावरून हलली नाही. तिला एकच घोर लागला होता. मी आलो त्या ट्रेलरमधला ढीग अजून निवडून संपला नव्हता, आणि तो तसाच गाडीत भरायला सुरुवात झाली होती.

आज सकाळी मला इथं आणलं. पंचनाम्यासाठी वाडीच्या माणसांना बोलावलं होतं. नवनाथशेठही इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पथकाच्या साहेबांनी मला पोत्यांमध्ये ठेवण्याआधी थिनर लावलेल्या फडक्यानं माझ्या अंगावरचा हिरवा हळूच थोडा पुसला. खालून पिवळा दिसला, तांबडा पट्टा दिसला. साहेबांनी मान हलवली आणि वर येऊन सगळ्यांना विचारलं, "हा वरचा हिरवा रंग कुणी दिला?"

"दिला असेल कुणीतरी वाडीतल्या पोरांनी," नवनाथशेठ म्हणाले. "जंगलात काय, कुणीबी जातं येतं."

मंगळी पुढे झाली. "साहेब, जंगलात हिरवं लय हाय, पन डब्यातलं हिरवं नाय. ह्यो रंग यार्डाचा. खंडेनवमीला दिला, शेठसमोर दिला. मी नको म्हनत व्हते."

"खोटं बोलते ती, साहेब. विचारा ह्या बायकांना. सगळ्या माझ्याकडंच कामाला हायेत."

शेठनी हे छातीठोक सांगितलं, कारण त्या बायका बोलणार नाहीत याची त्यांना खात्री होती. साहेबांनी विचारलं. एक बाई पदराशी चाळा करू लागली, दुसरीनं मान फिरवली. मंगळी एकटी उभी होती. तिचा चेहरा मला खालून दिसत नव्हता, पण तिचा आवाज ऐकू आला. ती बायकांकडे वळून म्हणाली, "मला शिव्या द्या. घरी गेल्यावर बी द्या. पन आज ती गाडी भट्टीवर गेली तर तिकडं बी कुनाच्या तरी घरात चूल पेटनार नाय, तवा तुमी काय सांगनार स्वतःला?"

मग कोंडी पुढे आली. हो, तीच कोंडी. तिच्या कमरेला लोखंड ओढायचा आकडा खोचलेला होता, यार्डातून सरळ इकडेच आली होती ना. तिनं तो उपसला आणि साहेबांच्या समोर धरला.

"ह्यो बघा माजा आकडा," ती म्हणाली. "यार्डाचा. ह्याला बी त्योच रंग, त्याच दिवसाचा. आनि त्यो गोळा मंगळीनं ढिगातून काढला तवा मी तिच्या बाजूलाच बसले व्हते. लय हसले मी तिला."

साहेबांनी आकडा हातात घेतला, फडक्याला लागलेल्या हिरव्याशेजारी धरला. मग दुसरी बाई पुढे आली, तिच्या हातात छिन्नी होती, तीही हिरवी. नवनाथशेठांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तो ढीग कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"गाडीत भरलाय," मंगळी म्हणाली. "आज निघायचाय."

साहेबांनी तिथूनच फोन केला. ट्रक ढाब्यापाशी उभा होता, चालक जेवायला उतरला होता. तो जेवण उरकून निघाला असता तर ही गोष्ट अशी संपली नसती. आत्ताच बातमी आली आहे. माझे भाऊबंद सापडले. चिखलानं माखलेले, पण आतून सगळे पिवळे.

"बसा आता हात चोळत," नवनाथशेठ बायकांना म्हणाले. "यार्ड गेलं."

"जाऊ दे," मंगळी म्हणाली. "आमी यार्डाच्या आधी बी जगत व्हतो. तुमी बी जगाल, शेठ. मानसं मेली असती तर नसतं जगता आलं."

यार्ड पुन्हा उघडेल की नाही मला माहीत नाही. उद्या ह्या बायका कुठे कामाला जातील तेही मला माहीत नाही. गोष्ट गोड करून सांगायची माझी सवय नाही. पण त्यांनी आज जे केलं त्यासाठी मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि तोफगोळ्याला अभिमान वाटू नये असं कुठे लिहिलंय?

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. कुठे उकरताना, वेचताना, भंगारात, नदीकाठी असं अनोळखी लोखंड दिसलं, तर उचलू नका, ठोकू नका, घासून लखलखीत करू नका, आणि तापवू तर मुळीच नका. मागे सरा आणि मोठ्या माणसांना सांगा. मला काचेच्या कपाटात ठेवा असं मी म्हणत नाही. मला फोडा, आणि माझ्यासारखे जिथे जिथे उरलेत त्यांनाही शोधून फोडा. फक्त आमचा रंग झाकू नका. वस्तूचा असो की माणसाचा, खरा रंग झाकायला कुणी तुमच्या हातात ब्रश दिला तर तो त्याच्या तोंडावर फेका.

साहेबांनी शिट्टी फुंकली आहे. सगळे मागे सरले. बायकांनी कानांत बोटं घातली. मंगळीनं घातली नाहीत.

"अगं, कान झाक!" कोंडी ओरडली.

"ऱ्हाऊ दे," मंगळी म्हणाली. "मला ऐकायचंय."

मग ऐक, बाई. ऐंशी वर्षं झाली, मी अजून एकदाही मोठ्यानं बोललेलो नाही.